शब्बाथशाळा की एकत्र उपासना? मुलांसाठी मंडळीने काय निवडावं

इंदूरमधल्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी बारा वर्षं लहानांची शब्बाथशाळा, म्हणजे रविवारी उपासनेच्या वेळी भरणारी मुलांची बायबलची शाळा, घेतली. आता कमिटीसमोर विषय आहे, की ती आहे तशी चालू ठेवायची, मुलांना पूर्ण उपासनेत बसवायचं, की शिकवण्याची तऱ्हाच बदलायची. तुमच्याकडेही हाच विषय असेल, तर तिन्ही गोष्टी करून पाहिलेल्या बाईचं म्हणणं कामी यावं म्हणून लिहिते.

आधी नेहमीची पद्धत. दुसरं गीत झालं की मुलं उठून मागच्या खोलीत जातात. गोष्ट, सुवर्णवचन म्हणजे पाठ करायचं बायबलचं वचन, चित्र रंगवणं, आणि आशीर्वादाच्या वेळी परत. वयाप्रमाणे शिकवता येतं, आईवडिलांना उपदेश शांतपणे ऐकता येतो. पाठ केलेली वचनंही जन्मभर सोबत राहतात. माझ्या सासूबाई शेवटी माणसं ओळखेनाशा झाल्या, पण बायबलमधलं तेविसावं स्तोत्र सुरू केलं की पुढचं त्या म्हणायच्या.

पण ही पद्धत कोणासाठी निघाली ते आठवावं. इंग्लंडमधल्या ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्स यांनी १७८० साली रविवारची शाळा सुरू केली, ती आठवडाभर कामावर जाणाऱ्या गरीब मुलांसाठी. त्यांना अक्षरओळख व्हायला दुसरा दिवसच नव्हता. आपल्या मुलांचं नेमकं उलटं आहे. सहा दिवस शाळा आणि ट्यूशन, आणि सातव्या दिवशी आम्ही पुन्हा हजेरी, फळा आणि नंबर घेऊन उभ्या.

इथल्या मराठी घरांत आणखी एक अडचण असते. शाळा इंग्रजीत, उपासना हिंदीत, घर मराठीत. मी बक्षिसं लावून तेविसावं स्तोत्र हिंदीतून पाठ करून घेतलं होतं. सात वर्षांची एक मुलगी एकही चूक न करता म्हणाली, ‘मुझे कुछ घटी न होगी’. तिला अर्थ विचारला, तर म्हणाली, ‘टीचर, देवाकडे घड्याळ नाही.’ ‘घटी’ तिला ‘घड़ी’ वाटली होती. मी मराठीत सांगितलं, ‘अगं, काही उणं पडणार नाही.’ ती लगेच म्हणाली, ‘म्हणजे आजी डब्यात पीठ बघून म्हणते तसं?’ त्या दिवशी मी बक्षिसं बंद केली. पाठांतर घरी, आजीच्या भाषेत व्हावं असं माझं ठाम मत झालं.

एकत्र उपासनेत मूल भक्ती बघून शिकतं. आजोबा डोळे मिटून प्रार्थना करतात, बाबा दानाच्या थैलीत पैसे टाकतात, कोणी गीत म्हणताना रडतं. हे मागच्या खोलीत दाखवता येत नाही. मात्र चाळीस मिनिटांचा उपदेश पाच वर्षांच्या मुलाला झेपत नाही आणि सगळा भार आईवर पडतो. पाळकसाहेब उपदेश आवरता घ्यायला तयार नसतील, तर या वाटेला जाऊ नका. मुलं कंटाळतील आणि दोष त्यांनाच लागेल.

तिसरी तऱ्हा हाताळून शिकण्याची. सोफिया कावालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी रोममध्ये १९५४ पासून माँटेसरीच्या विचारांवर ती उभी केली. गोष्ट थोडक्या शब्दांत सांगायची, मग वस्तू मुलांच्या हाती द्यायच्या. आमच्याकडे मातीची मेंढरं आणि काड्यांचा मेंढवाडा होता. एक मुलगा हरवलेलं मेंढरू आणायचा, आत ठेवायचा, पुन्हा बाहेर काढून पुन्हा शोधायला निघायचा. वीस मिनिटं. मी काही बोलले नाही. या पद्धतीत बाईने गप्प बसायला शिकावं लागतं, आणि तेच सर्वांत कठीण. एका वेळी आठ-दहा मुलांपेक्षा जास्त घेऊ नयेत, आणि खोलीत कायम दोन मोठी माणसं हवीत. हा दोन माणसांचा नियम कुठलीही पद्धत घेतलीत तरी मोडू नका.

मेमधलं व्हीबीएस, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा, ठेवाच. बाहेरची मुलंही येतात, तरुण संघाला काम मिळतं. पण दहा दिवसांच्या उत्साहावर वर्षभराचं भागत नाही.

शिक्षक दोनच असतील आणि मुलं पंधराच्या आत, तर मी सांगेन: महिन्यातले तीन रविवार एकत्र उपासना, एक रविवार हाताळून गोष्ट. मुलं पन्नासच्या वर असतील तर वर्ग मोडू नका, नंबर आणि बक्षिसं तेवढी काढा, आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर मोडून सगळ्यांना देतात त्या, रविवारी तरी सगळ्यांना मंडळीतच बसवा.

करून पाहायला आगमनकाळाचे, म्हणजे ख्रिसमसआधीचे, चार रविवार पुरेत. पहिल्याच दिवशी बाकांची व्यवस्था बदला. मुलांना आईवडिलांसकट पुढच्या दोन रांगा द्या. मागे बसलेल्या मुलाला फक्त मोठ्यांच्या पाठी दिसतात. भाकर मोडली जाते ती दिसत नाही.