स्लो कुकरमधला कॉब्लर: आठ महिन्यांनंतर

जाऊबाईंनी गेल्या मे महिन्यात अमेरिकेहून येताना साडेतीन लिटरचा स्लो कुकर, म्हणजे मंद उष्णतेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, आणला. आधी विजेचं सांगते. तो तिकडचा, 120 व्होल्टचा; आपल्याकडे 230. नुसता पिनेचा अडॅप्टर लावून चालू केला असता तर जवळजवळ चौपट वीज ओढून आतली कॉइल गेलीच असती. बेळगावच्या खडे बाजारातल्या दुकानदारानं बुडाचं लेबल वाचलं आणि 230 चे 120 व्होल्ट करणारा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यायला लावला. कुकर 200 वॅटचा, ट्रान्सफॉर्मर 500 चा घेतला. विटेसारखा जड. इकडचा 230 व्होल्टचा कुकर मिळत असेल तर डोळे मिटून तोच घ्या.

कॉब्लर म्हणजे खाली फळं आणि वर मैद्याचं सैल पीठ. तिकडे पीच घालतात. मी हापूसपासून सुरुवात केली आणि तिथेच चुकले. पिकलेल्या फोडींचा रस झाला, पीठ त्यात बुडालं. सासूबाई वाटीकडे बघून म्हणाल्या, "असला आंबा शिजवून नासतात व्हय गं?" त्यांचं बरोबर होतं. मग जूनमध्ये खानापूरकडची जांभळं घेतली. रंग झकास आला, पण किलोभर जांभळांच्या बिया काढायचा उत्साह एकदाच टिकतो. पेरू बरा लागतो, मधला बियांचा गर काढला तर. खरा जमला तो अननस! आंबट, घट्ट, शिजला तरी फोड फोडच राहते.

माझं आताचं प्रमाण असं: चार कप अननसाच्या फोडी, अर्धा कप साखर, चमचाभर कॉर्नफ्लोअर, थोडं लिंबू. वरच्या पिठाला एक कप मैदा, पाव कप साखर, दीड चहाचा चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, पाऊण कप दूध आणि पाव कप पातळ केलेलं लोणी. भांड्याला आतून लोणी लावून फळं पसरायची, वर पीठ ओतायचं आणि हलवायचं नाही. कुकरच्या 'हाय' म्हणजे जास्त उष्णतेच्या खुणेवर अडीच तास. मध्ये झाकण उघडून बघायची सवय मात्र मोडावी लागते. एकदा कोंडलेली वाफ गेली की भांडं परत तापायला वीस-पंचवीस मिनिटं जातात.

पहिल्या तीन खेपांना वरचा थर चिकट झाला होता. झाकणाला जमलेलं वाफेचं पाणी टपटप पिठावर पडत होतं. आता झाकणाखाली सुती पंचा ताणून घालते आणि टोकं वर झाकणाच्या मुठीला बांधते, म्हणजे ती गरम कडेला लागत नाहीत. एवढ्यानं निम्मं काम होतं. ओव्हनसारखा तांबूस, खुसखुशीत पापुद्रा मात्र येत नाही, वाफेच्या उष्णतेत येणारही नाही. त्यावर मी वाढताना कुंदा, म्हणजे दूध आटवून केलेली आमची बेळगावी मिठाई, चुरून घालते. कुंद्याची ती जळकट गोडी अननसाच्या आंबटपणावर इतकी बसते की आता आमच्याकडे कुंदा नसेल तर कॉब्लर नाही.

पावसाळ्यात करंट जायचा तो वेगळाच ताप. दहा-पंधरा मिनिटं गेला तर जाड मातीचं भांडं ऊब धरून ठेवतं, काही बिघडत नाही. एकदा पीठ ओतल्या ओतल्या गेला तो दीड तासानं आला. बेकिंग पावडरीचा सगळा जोर तोवर विरून गेला होता, वर घट्ट गोळा राहिला. भांडं उचलून गॅसवर ठेवायचा मोह झाला होता, पण ते आचेवर तडकतं. तेव्हापासून पीठ आयत्या वेळीच कालवते.

याच कुकरात पावटा, हुलगे छान शिजतात. रबडी केली नाही, आमच्या दुधाचं तेवढं धाडस होत नाही. ट्रान्सफॉर्मरला मात्र अजून जागा सापडलेली नाही. तो डायनिंग टेबलाखाली असतो आणि रोज कुणाच्या तरी पायाला लागतो.