डॉट डेव्ह घेतलं, समाधानी आहे

माझ्या प्रोग्रॅमिंगच्या कामांची साइट मी डॉट डेव्ह (.dev) या एक्स्टेन्शनवर, म्हणजे साइटच्या पत्त्याच्या त्या शेवटच्या भागावर, ठेवली आहे. हवं ते छोटं नाव मिळालं. डॉट कॉमवर १९८५ पासूनची गर्दी, तिथे ते केव्हाच गेलेलं. गूगलने २०१९ मध्ये सगळ्यांना खुलं केलेलं हे एक्स्टेन्शन ब्राउझरच्या एचएसटीएस यादीत (फक्त सुरक्षित जोडणीनेच उघडायच्या पत्त्यांची यादी) मुळातच आहे, म्हणजे अशा जोडणीसाठी लागणारं एसएसएल सर्टिफिकेट नसेल तर साइट उघडतच नाही. हा आग्रह मला मनापासून पटतो. साइटवर येणाऱ्याची सुरक्षितता ऐच्छिक असूच नये! डॉट आयओ मुद्दाम टाळलं. तो ब्रिटिश हिंदी महासागर क्षेत्राचा कोड, आणि ती बेटं मॉरिशसला देण्याच्या करारावर ब्रिटनने २०२५ मध्ये सही केली आहे, त्यामुळे तो कोड पुढे राहील की नाही याची मला खात्री वाटत नाही. दुकान काढणाऱ्याने मात्र डॉट कॉमच शोधावं. पहिल्या वर्षाच्या सवलतीसोबत रिन्यूअलचा दरही आधीच बघून घ्या.