मोंढ्यातल्या सर्व्हरवर आरसा लावलेले दोन एसएसडी : दीड वर्षाच्या वापरानंतरचा अभिप्राय

लातूरच्या मोंढ्यातील, म्हणजे धान्यबाजारातील, एका अडत दुकानाचा सर्व्हर मी सांभाळतो. काट्यावरची वजने, शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या, हमाली-तोलाईची कपात आणि खरेदीदारांची उधारी हे सगळे त्याच एका यंत्रावर चालते. दीड वर्षापूर्वी जुन्या हार्ड डिस्क काढून त्याच्या जागी मी एका प्रसिद्ध कंपनीचे १ टीबीचे दोन साटा जोडणीचे एसएसडी (फिरत्या तबकडीऐवजी फ्लॅश चिपवर माहिती साठवणारे ड्राइव्ह) बसवले आणि लिनक्सच्या एमडीएडीएम या साधनाने त्यांचा रेड-१, म्हणजे एकाची हुबेहूब नक्कल दुसऱ्यावर ठेवणारा आरसा, बांधला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगतो तो दोष याच किमतीच्या इतर अनेक ड्राइव्हमध्येही आहे.

पहिले काही महिने तक्रारीला जागा नव्हती. दसऱ्यानंतर सोयाबीनची आवक वाढली आणि दुपारच्या सौद्यानंतर पट्ट्या निघण्याची गर्दी झाली, तेव्हा मात्र बटण दाबल्यावर पट्टी प्रिंटरकडे जायला वीस-वीस सेकंद लागू लागले. "साहेब, पट्टी निघंना गेलीय, माणसं खोळंबलीत," असा मुनीमजींचा फोन रोजचाच झाला. आधी मी नेटवर्कवर संशय घेतला, मग बिलिंगच्या सॉफ्टवेअरवर, आणि त्यात दोन दिवस वाया घालवले. आरशाची मासिक तपासणी चालू असेल अशीही शंका आली. पण डेबियन या लिनक्समध्ये ती महिन्याच्या पहिल्या रविवारी मध्यरात्रीनंतर सुरू होते आणि आमचा त्रास तर आठवडाभर, भर दुपारचा होता.

शेवटी गर्दीच्या वेळी प्रत्येक ड्राइव्हला वाचन-लेखनाला किती वेळ लागतो ते दाखवणारा आयओस्टॅट लावून बसलो, तेव्हा खरे चित्र दिसले. पहिल्या ड्राइव्हवर एका लेखनाला सरासरी ४ मिलीसेकंद लागत होते आणि दुसऱ्यावर १९० च्या आसपास. आरशात वाचन दोन्हींकडून वाटून घेता येते. लेखन मात्र दोन्हींवर पुरे झाल्याशिवाय पुरे धरले जात नाही, त्यामुळे जोडीतला जो मंद, त्याच्याच चालीने सगळा गाडा चालतो. केबल खराब असेल म्हणून ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या स्मार्टसीटीएलने पाहिले, तर सीआरसी चुकांचा, म्हणजे केबलवरून जाताना बिघडलेल्या माहितीचा, आकडा शून्य होता आणि जोडणीही पूर्ण ६ गिगाबिटची होती.

एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन ड्राइव्हमध्ये एवढा फरक का, याचे उत्तर आरसा बांधला त्या पहिल्या दिवसात सापडले. नवा आरसा बांधताना एमडीएडीएम पहिल्या ड्राइव्हची पूर्ण नक्कल, रिकाम्या जागेसह, दुसऱ्यावर उतरवते. म्हणजे फाइल प्रणालीच्या हिशोबाने दुसरा ड्राइव्ह निम्मा रिकामा असला, तरी त्याच्या स्वतःच्या हिशोबाने तो पहिल्या दिवसापासून काठोकाठ भरलेला होता. एसएसडीला जुन्या पानावर थेट लिहिता येत नाही. त्याला पूर्ण ब्लॉक, म्हणजे अनेक पानांचा गठ्ठा, आधी पुसावा लागतो, आणि मोकळी जागा उरली नसेल तर प्रत्येक नव्या नोंदीसाठी आतल्या आत माल इकडून तिकडे हलवावा लागतो. कोणती जागा मोकळी आहे हे ट्रिमच्या आज्ञेने त्याला कळते, पण तिचा साप्ताहिक टायमर आमच्याकडे बंदच राहिला होता. ही चूक सर्वस्वी माझी. ती आज्ञा देणारा एफएसट्रिम चालवला, रात्रभर यंत्राला विश्रांती दिली आणि दुसऱ्या दिवशी दोन्ही ड्राइव्ह बरोबरीला आले.

तरीही पट्टीला पाच-सहा सेकंद लागतच होते, आणि इथून पुढचा दोष ड्राइव्हचा आहे. हिशोबाचा डेटाबेस प्रत्येक नोंदीनंतर "हे कायमचे लिहिले गेले का?" असे विचारतो आणि होकार आल्याशिवाय पुढे सरकत नाही. सर्व्हरसाठी बनवलेल्या एसएसडीमध्ये वीज गेल्यावर हातातले लेखन पुरे करण्यापुरती ऊर्जा साठवणारे कपॅसिटर असतात, म्हणून तो लगेच होकार देऊ शकतो. या स्वस्त ड्राइव्हमध्ये ते नाहीत. त्याला दर वेळी खरोखर फ्लॅशवर लिहूनच उत्तर द्यावे लागते. खोक्यावर सेकंदाला ऐंशी-नव्वद हजार लेखनांचा दावा आहे. ४ केबीच्या अशा खात्रीच्या लेखनाची चाचणी मी घेतली, तेव्हा आकडा चारशेच्या आसपास घुटमळला. आमच्याकडे यूपीएस आहे, मग कपॅसिटर कशाला, असे मालकांनी विचारले. पण भिंतीपलीकडे यूपीएस ठेवला आहे हे ड्राइव्हला कळत नाही.

दुसरी खोट त्याच्या चार-बिट, म्हणजे एकेका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या, फ्लॅशमध्ये आहे. तिचा थोडा भाग वेगवान कॅश (तात्पुरती साठवण) म्हणून वापरला जातो आणि तो भरला की वेग साध्या हार्ड डिस्कच्याही खाली उतरतो. दुपारी दोनचा बॅकअप याच आरशावर उतरत होता, आणि सौद्यानंतरची गर्दीही त्याच सुमाराची. बॅकअप रात्री अकराला नेल्यावर बराच फरक पडला.

दुकानदाराने ड्राइव्ह बदलून दिले नाहीत. ते बिघडलेले नव्हतेच, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. मात्र सर्व्हरसाठी हवे आहेत असे स्पष्ट सांगूनही त्याने हेच पुढे केले, याचा राग आहे. अखेर कपॅसिटरवाले ९६० जीबीचे दोन ड्राइव्ह घेतले. इथे एक ठेच लागली ती इतरांना लागू नये: ९६० जीबी हे १ टीबीपेक्षा लहान असल्यामुळे जुन्या आरशात एकेक ड्राइव्ह थेट बदलता येत नाही, मला नवा आरसा वेगळा बांधून डेटा त्यावर उतरवावा लागला. तेवढे काम मोंढ्याच्या सुट्टीच्या दिवशी उरकले आणि बांधणी होताच ट्रिमही चालवला. आता पट्टी बटण दाबताच निघते.

सर्व्हरच्या आरशासाठी या ड्राइव्हला मी पाचपैकी दीड गुण देतो. काढलेल्या दोनपैकी एक मुनीमजींच्या टेबलावरच्या संगणकात बसवला आहे. तिथे यंत्र चहा येईपर्यंत नव्हे, कप उचलेपर्यंत सुरू होते, आणि त्या कामासाठी चार गुण द्यायला हरकत नाही.