जुनं फर्मान की साताऱ्याची नवी सनद?

१७०८ साली साताऱ्यात शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला. तेव्हा वाई-कराडकडच्या इनामदारापुढं, म्हणजे सरकारकडून सारामाफीची जमीन मिळालेल्यापुढं, दोन वाटा होत्या. घरातलं आदिलशाही फर्मान, म्हणजे विजापूरच्या बादशहाचं इनामाचं हुकूमपत्र, जपून बसायचं, किंवा तेच दाखवून छत्रपतींकडून नवी सनद (इनामाचं अधिकारपत्र) घ्यायची.

फर्मानाचं वजन जुनेपणात. पिढ्यान्‌पिढ्यांचा भोगवटा (जमिनीचा चालत आलेला उपभोग) त्यातून दिसायचा, शिवाय नवा खर्च नाही. पण ज्याचा शिक्का तो बादशहाच उरला नाही. १६८६ मध्येच विजापूर पडलं होतं. भाऊबंद भांडायला उठले की नुसता जुना कागद कितपत पुरणार?

नव्या सनदेला खेटे घालायचे, नजराणा द्यायचा, कारकुनांची मर्जी राखायची. (हे काही बदललेलं नाही!) मात्र अशा पत्रांच्या शेवटचा मजकूर बघा : ‘प्रतिवर्षी नूतन पत्राचा आक्षेप न करणे. या पत्राची प्रति लिहून घेऊन मुख्य पत्र भोगवटियास परतोन देणे.’ म्हणजे दरवर्षी नवं पत्र मागायचं नाही; नक्कल दप्तरी, अस्सल इनामदाराच्या घरी. गावच्या पाटील-कुलकर्ण्यांना हुकूम पोचला की वसुलीला कोणी दारात येत नसे.

मला विचाराल तर खर्च सोसून सनदच घ्यावी; फर्मान मात्र फेकू नये. १८५२ नंतर इनामांची चौकशी करणाऱ्या इंग्रजांच्या इनाम कमिशननं पुरावे मागितले, तेव्हा दोन्ही कागद असलेल्याची बाजू भक्कम होती.