पैसे मधल्या तुकडीचे, माल शेपटाचा: अ‍ॅपवरची वाम

पावसात पुण्याच्या शिवाजी मार्केटपर्यंत जायचा कंटाळा, म्हणून या वेळी वाम (सापासारखा लांबडा समुद्री मासा) अ‍ॅपवरून मागवली. ५०० ग्रॅम, 'करी कट'.

पाकीट वेळेत आलं, बर्फ शाबूत, वास नाही. साफही छान केलेली. वामीला खवलं नसतात, वर नुसता बुळबुळीत चिकटा. तो मिठाने चोळून काढला नाही तर कालवणात उतरतो. यांनी काढला होता, त्याचे गुण पूर्ण.

तक्रार तुकड्यांची. वामीत सगळा खेळ कुठली तुकडी मिळते याचाच. पोटाची पोकळी अर्ध्या लांबीच्या आतच संपते, पुढे सगळं शेपूट आणि तिथे मांसात दुफाटे काटे. ओळखायचं सोपं आहे: तुकडीत भोक दिसलं की ती पोटाकडची, भरीव दिसली की शेपटाकडची. माझ्या पाकिटात भोकाच्या दोन, बाकी सगळ्या भरीव! फोटोत मात्र रुंद मधल्या तुकड्या. कोळणीकडे निदान 'इथून इथवर दे' असं बोट ठेवून सांगता येतं. आणि डोकं? ते पाठवतच नाहीत. रश्श्याला चव त्याचीच असते हो.

जपानमधल्या क्योतोत याच कुळातल्या 'हामो'ला जुलैत, गिओन उत्सवात, केवढा मान. तिथले आचारी कातडी अखंड ठेवून अगदी जवळजवळ काप मारत जातात आणि काटे बारीक चिरून टाकतात. तेवढं करून पाठवलं असतं तर शेपटाबद्दल ब्र काढला नसता.

पाकिटावर 'आजची ताजी' असंही छापलंय. जुलैत? आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या यांत्रिक बोटी मासेमारी बंदीमुळे १ जून ते ३१ जुलै बंद. वाम तळाच्या चिखलात राहणारी, बहुतेक ट्रॉलरच्या जाळ्यात नाहीतर गळाला लागणारी. पूर्व किनाऱ्याची म्हणावी (तिथली बंदी आधीच संपते), तर पुण्यात पोचेपर्यंत 'आजची' कशी राहील? बर्फातली असेल तर तसं लिहा, आम्ही खातोच की.

चवीला नाव ठेवणार नाही. आमसूल, ओलं खोबरं घालून कालवण केलं. मांस घट्ट, तेलकट, शिजून फुटलं नाही. फक्त सासऱ्यांनी चष्मा लावून जेवण केलं आणि ताटाच्या कडेला काट्यांचा ढीग लावला.

पाचपैकी अडीच. तुकडी निवडायची सोय दिलीत तर पुन्हा मागवीन.