हेड गॅस्केटचं काम दोनदा: चौदा महिन्यांनंतरचा अनुभव

गाडी २०१२ची वॅगनआर, पेट्रोल. गेल्या वर्षी ऑक्टोबरात इंजिनच्या तापमानाचा काटा लालवर गेला, म्हणून पाहुण्यांनी सुचवलेल्या एका मिस्त्रींकडं टाकली. दोन दिवसांत हेड, म्हणजे इंजिनच्या ब्लॉकवरचं झाकण, उतरवून दोघांच्या मधे गळती रोखणारा पातळ थर, म्हणजे गॅस्केट, नवीन बसवलं, साडेनऊ हजार घेतले. बिल मागितलं तर हातानं लिहिलेली चिठ्ठी मिळाली.

पहिले तीन महिने काही तक्रार नव्हती. फेब्रुवारीत कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) बाटली दर पंधरवड्याला अर्धी व्हायला लागली. खाली एक थेंब नाही, मग पाणी जातंय कुठं? मिस्त्री म्हणाले, "जुनी गाडी हाय साहेब, एवढं चालतंयच की." आणि रेडिएटरमध्ये लीक बंद करायची पावडर टाकून दिली. मी तेव्हा ऐकलं, याचं आजही वाईट वाटतं.

एप्रिलमध्ये कणकवलीहून येताना फोंडा घाट चढताना बॉनेटमधून वाफ आली. मागं आई बसलेली, वय बहात्तर, ऊन रणरणतं. दीड तास रस्त्याकडेला बसून होतो. शेवटी गाडी टो करून कोल्हापुरात आणली.

उद्यमनगरातल्या दुसऱ्या मिस्त्रींनी माझ्यासमोर हेड उघडलं. जुन्या गॅस्केटचे तुकडे ब्लॉकवर तसेच चिकटलेले. त्यावर लाल सिलिकॉन थापलेलं, त्याचे कण पाण्याच्या वाटेत अडकलेले. कूलंटऐवजी नळाचं पाणी, त्यामुळं आत गंज. त्यांनी हेडवर सरळ पट्टी ठेवून खालच्या फटीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) सरकवून दाखवला: ०.१५ मिमीचं पान आरामात आत गेलं. अशा अॅल्युमिनियम हेडला ०.०५च्या वर वाक चालत नाही. म्हणजे इंजिन तापून हेड वाकलं होतं आणि पहिल्यांदा फेसिंग, म्हणजे हेडचा तळ घासून सपाट करणं, केलंच नव्हतं. वाकड्या हेडवर कितीही भारी गॅस्केट टाका, दाब कुठूनतरी वाट काढणारच.

ज्या गावात कास्टिंग ओततात, हाकेच्या अंतरावर लेथ आणि ग्राइंडिंगची दुकानं आहेत, तिथं फेसिंग टाळावं याचा मला फार राग आला. या वेळी ते करून घेतलं, त्याला लागले किती? नऊशे रुपये आणि एक दुपार. या मिस्त्रींनी बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्यानं टॉर्क रेंचनं (ठरलेल्या जोरानं आवळायच्या पान्यानं) आवळले. थर्मोस्टॅट बदलला, सिस्टीम धुऊन कूलंट भरलं. एकूण तेरा हजार सहाशे, पक्कं बिल.

जुनं गॅस्केट आणि फोटो घेऊन मी पहिल्या मिस्त्रींकडं गेलो. आधी ते चिडले. मी आवाज चढवला नाही. चिठ्ठी, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद आणि दुसऱ्या मिस्त्रींनी बिलावरच लिहून दिलेला शेरा समोर ठेवला. ग्राहक आयोगाकडं जाईन, असंही सांगितलं. सेवेतली त्रुटी २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बसते. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात फी लागत नाही. तक्रारीच्या सल्ल्यासाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. आठवड्यानं चार हजार परत आले.

दुसऱ्या कामाला आता आठ महिने झाले. बाटलीतली पातळी खुणेवरून हललेली नाही, ऑइल स्वच्छ आहे. दिवाळीत तोच घाट चढलो. आई वरपर्यंत काट्याकडंच बघत होती. उरलेल्या साडेपाच हजारांसाठी तक्रार करायची का, हे घरात अजून ठरलेलं नाही. मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून चिठ्ठी, बिल आणि ते गॅस्केट कपाटात जपून ठेवलंय.