कवटी मोजावी की नातं विचारावं?

शारीरिक मानवशास्त्र हाडं, दात, रक्तगट, डीएनए पाहतं. सांस्कृतिक मानवशास्त्र नाती, विधी, चालीरीती. इरावती कर्वे दोन्हींत वावरल्या: बर्लिनला कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंच्या असमानतेवर पीएच.डी., पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आप्तसंबंधांचा अभ्यास.

कवटीचा निर्देशांक काढणं सोपं. रुंदीला लांबीने भागा, शंभराने गुणा. या आकड्यावरून लोकांचे 'वंश' पाडले गेले. पण १९११च्या सुमारास मानवशास्त्रज्ञ फ्रांझ बोआस यांनी दाखवलं की अमेरिकेत स्थलांतरितांच्या मुलांचा हाच आकडा आईबापांपेक्षा बदलतो.

नात्याच्या शब्दांत मला जास्त ऐवज दिसतो. आपल्याकडे जुन्या घरांत सून सासूला 'आत्याबाई' म्हणायची. का? मुलाने मामाची मुलगी करायची चाल. मग त्या मुलीची सासू म्हणजे तिची सख्खी आत्याच! लग्नाचा अख्खा नियम एका हाकेत जपलेला. हे कुठल्याही मोजपट्टीला सापडणार नाही.

तरी पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या उत्खननात मी शारीरिक शाखेचंच बोट धरेन. तिथे ताम्रपाषाणयुगीन घरांच्या जमिनीखाली मडक्यांत पुरलेली बाळं सापडली. त्यांची नाती सांगणारं कुणी नाही. उपासमार, आजारपण सांगतात ते त्यांचे इवलेसे दुधाचे दात.